आपली किंमत कोण ठरवतो?

श्रद्धा-अभ्यास : कुटुंबात आणि शेजारच्या लहान समूहात वाचण्यासाठी
वाचन : लूक ३:२१-२२ व ४:१-१३, लूक १५:११-३२, गलती ३:२६-२८



आपल्या संगमनेर तालुक्यात दिवस उजाडतो तो दूध संकलन केंद्रावरच्या रांगेने. किटल्या पुढे सरकतात, थोडेसे दूध यंत्रात जाते आणि फॅट व एसएनएफचे आकडे उमटतात. त्या आकड्यांवर दर ठरतो. पुढे उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते. बिड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर मोजतात आणि नीट न वळलेल्या बिड्या तपासणीत बाजूला काढतात. यात गैर काहीच नाही. दुधाला, उसाला, बिडीला मोजमाप हवेच.

अडचण सुरू होते ती तेच यंत्र माणसाला लावल्यावर. दहावीचा निकाल लागला की आपण टक्के विचारतो. लग्नाच्या बोलणीत मुलीचा रंग, मुलाची नोकरी आणि बापाची जमीन विचारतो. पुण्याहून आलेल्या भावाची गाडी दारात उभी राहिली की गावात राहिलेला भाऊ उगाचच कमी बोलू लागतो. मूल नाही म्हणून सून बारशाला जायचे टाळते. कर्ज झालेला बाप रविवारी मिस्साला येतो, पण शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वादाच्या आधीच निघून जातो, कारण कुणी विचारू नये, ‘काय चाललंय हल्ली?’

हळूहळू ते यंत्र आपल्या आत येऊन बसते. मग दुसऱ्या कुणी मोजण्याची गरज उरत नाही. आपणच रात्री अंथरुणावर पडून स्वतःला मोजत राहतो. आजच्या पाठात आपण एवढाच प्रश्न घेणार आहोत : आपली किंमत कोण ठरवतो? आणि ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाला मनाची सुरक्षितता मिळते ती नेमकी कशातून?

१. कामाच्या आधी मिळालेला शब्द

संत लूकने प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग दोनच वचनांत सांगितला आहे. इतर लोकांबरोबर येशूही यार्देन नदीत उतरला. त्याने प्रार्थना केली, आकाश उघडले आणि पित्याचा शब्द ऐकू आला. हा आपला लाडका पुत्र असून त्याच्याविषयी आपण संतुष्ट आहोत, असा त्या शब्दाचा आशय आहे.

हा शब्द केव्हा आला ते पाहू. तोपर्यंत लूकच्या शुभवर्तमानात येशूने एकही आजारी बरा केलेला नाही. एकही प्रवचन दिलेले नाही. एकही शिष्य जमवलेला नाही. नासरेथात सुताराच्या घरी वाढलेला, तिशीच्या सुमाराचा एक तरुण पाण्यात उभा आहे, एवढेच. पित्याने पुत्राच्या कामाचा हिशेब पाहून हे प्रमाणपत्र दिले नाही. आधी प्रेमाचा शब्द आला आणि त्या शब्दाच्या बळावर नंतर काम सुरू झाले.

आपल्या घरांत बहुधा उलटे घडते. ‘चांगले मार्क आण, मग बघू’, ‘आधी काहीतरी करून दाखव’, असे आपण मुलांना सांगतो. मुलेही ते नीट शिकतात. प्रेम कमवावे लागते, ते कधीही काढून घेतले जाऊ शकते, हे एकदा शिकलेला माणूस पन्नास वर्षांचा झाला तरी मनातून सुरक्षित होत नाही.

लगेच पुढच्या अध्यायात सैतान अरण्यात येशूला गाठतो. त्याच्या तीनपैकी दोन मोहांची सुरुवात सारखीच आहे : तू जर देवाचा पुत्र असशील, तर हे करून दाखव. दगडाची भाकर कर. उंचावरून उडी टाक. म्हणजे जे पित्याने आधीच दिले आहे ते सिद्ध करून दाखव, असा त्याचा आग्रह आहे. येशू चाळीस दिवसांचा उपाशी आहे, एकटा आहे, तरी त्या सापळ्यात पाऊल टाकत नाही. त्याला काही सिद्ध करायचे नाही. आपण कुणाचे आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे. मनाची सुरक्षितता म्हणतात ती हीच. भूक संपलेली नाही, एकटेपणा संपलेला नाही, तरी पायाखालची जमीन घट्ट आहे.

२. नाव घेऊन मारलेली हाक

आपल्या महाराष्ट्रात काही मुलींची नावेच ‘नकुशी’ ठेवली जात, म्हणजे नको असलेली. मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली की हे नाव पडे. जेवायला बोलावताना, शाळेत हजेरी घेताना, पाण्याला पाठवताना त्या मुलीला तेच ऐकू येई. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांच्या शाळेचे दप्तर बदलले नाही, घर बदलले नाही, पण हाक बदलली. हाक बदलली की माणूस मान वर करून पाहतो.

पवित्र शास्त्रातला देव असाच नाव घेऊन हाक मारणारा आहे. परक्या देशात गुलामीत पडलेल्या लोकांना यशया संदेष्टा ४३ व्या अध्यायात सांगतो की ज्याने त्यांना घडवले तो त्यांना नावाने ओळखतो, ते त्याचे आहेत आणि त्याच्या दृष्टीने मोलाचे आहेत. हे लोक तेव्हा पराभूत होते. त्यांचे मंदिर उद्ध्वस्त झाले होते. बाजारभावाने पाहिले तर त्यांची किंमत शून्य होती.

म्हणूनच बालकाच्या बाप्तिस्मा-विधीत धर्मगुरू आईवडिलांना आरंभीच विचारतात, या बाळाचे नाव काय ठेवले? मग त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण होते, पाणी ओतले जाते, पवित्र तेलाचा अभ्यंग होतो, शुभ्र वस्त्र दिले जाते. ते बाळ तेव्हा काय करत असते? बहुधा रडत असते, नाहीतर झोपलेले असते. त्याने काहीही कमावलेले नसते आणि तरीही त्याला सर्व काही मिळते. आपल्या प्रत्येकाच्या आयुष्याचा आरंभ असा आहे. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या बाप्तिस्म्याची तारीख ठाऊक आहे? वाढदिवसाला आपण केक कापतो. त्या तारखेला घरी एक मेणबत्ती तरी लावावी.

३. एका बापाचे दोन मुलगे

उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. तरी आज तो या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचू या.

धाकटा मुलगा सगळे गमावून बसतो. डुकरे राखतो, उपाशी राहतो. घरी परतण्याचे कारण संत लूक अगदी साधे देतो : बापाच्या घरी मजुरांनाही पोटभर भाकर मिळते, हे त्याला आठवते. तो भुकेने परत येतो. वाटेत एक भाषण पाठ करतो आणि ठरवतो की मुलगा म्हणून नको, मजूर म्हणून ठेवून घ्या, असे म्हणायचे. मजुराचे नाते त्याला सोपे वाटते. काम केले की मजुरी, नाही केले तर नाही. त्यात प्रेमाचा प्रश्नच येत नाही. पण बाप ते वाक्य पुरे होऊच देत नाही. तो झगा मागवतो, अंगठी मागवतो, पायांत जोडे घालायला सांगतो. मजुराचा अर्ज घेऊन आलेल्याला मुलाची जागा मिळते.

थोरला मुलगा घरातच आहे, कष्टाळू आहे, पण तोही सुरक्षित नाही. त्याने वर्षांचा हिशेब ठेवला आहे. मला एक करडूसुद्धा मिळाले नाही, ही त्याची तक्रार. धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. आपले मोठेपण टिकायचे तर भाऊ खालीच राहायला हवा, असे त्याला वाटते. म्हणून भाऊ उभा राहिला की याचे आसन डळमळते.

स्वतःला हीन समजणारा आणि स्वतःला श्रेष्ठ समजणारा, दोघेही एकाच दुखण्याने आजारी आहेत. दोघांनीही आपली किंमत बाहेरच्या काट्यावर टाकली आहे. म्हणून बाप दोघांसाठी घराबाहेर येतो. एकाकडे धावत जातो, दुसऱ्याची अंगणात उभा राहून विनवणी करतो. हे दोन्ही मुलगे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच मातीत आम्हांला दिसतात.

४. उंबरठ्यावरून आत आलेल्या लक्ष्मीबाई

आपल्या शेजारच्या राहुरीला आणि जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ज्यांचे आयुष्य जोडलेले आहे त्या लक्ष्मीबाई टिळक कॅथलिक नव्हत्या. अमेरिकन मराठी मिशनच्या आपल्या प्रॉटेस्टंट भावंडांपैकी त्या एक. पण त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाहीत आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर साऱ्या मराठी वाचकांची आहेत.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये त्यांचा जन्म झाला. माहेर सनातनी ब्राह्मणांचे. वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की बाहेरून घरात आलेली वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे शिक्षण नाही. अशा मुलीजवळ स्वतःचे म्हणावे असे काय होते? जन्माने मिळालेले सोवळे. दुसऱ्याचा स्पर्श टाळण्यात तिची प्रतिष्ठा होती. थोरल्या भावासारखीच तिची किंमतही कुणीतरी खाली असण्यावर उभी होती.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत असून दुरावला, नातलगांत मान खाली गेली, पदरात लहान मुलगा. काही वर्षे त्या पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आरंभी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

बदल झाला तो कुणी दटावल्यामुळे नव्हे. राहुरीच्या त्या दिवसांत त्या स्वतःच विचार करू लागल्या. देवाने माणूस केला. जाती कुणी केल्या? हा प्रश्न मनात एकदा शिरला तो उत्तर घेऊनच थांबला. जातिभेद माणसाने केला, असे त्यांच्या मनाने घेतले आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

त्यांनी काय गमावले? जन्मापासून जपलेली एकमेव प्रतिष्ठा. आणि काय मिळाले? नगरला प्लेग आला तेव्हा ज्यांच्याजवळ जायला सख्खे नातलग धजत नव्हते, अशा रुग्णांची त्यांनी शुश्रूषा केली. अनाथ मुले त्यांच्या घरात वाढली. शाळा न पाहिलेल्या या बाईने लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणली गेली. पतीचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, तेही त्यांनी पुरे केले. त्या पुस्तकातली आम्हांला सर्वांत भावणारी गोष्ट ही की लक्ष्मीबाई स्वतःवर मनमोकळ्या हसतात. आपली फजिती, आपले अज्ञान, आपला हट्ट लपवत नाहीत. जिला आपली किंमत जपत बसावी लागते, तिला असे हसता येत नाही.

आपल्या कॅथलिक परंपरेतही असा एक साक्षीदार आहे. त्रावणकोरच्या दरबारातले देवसहायम पिल्लई हे उच्च समजल्या जाणाऱ्या कुळातले. १७४५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि सर्व जातींच्या लोकांशी बरोबरीने वागू लागले. १७५२ मध्ये त्यांना ठार करण्यात आले. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संत म्हणून जाहीर केले. धर्मगुरू नसलेला, संसारी माणूस भारतात संतपदाला पोचल्याचे हे पहिलेच उदाहरण.

५. वेशीबाहेरून आत आलेले आपले पूर्वज

आता धाकट्या मुलाकडे वळू. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते. मेलेली गुरे ओढणे, निरोप पोचवणे, वेशीवर पहारा देणे ही त्यांची कामे. विहिरीवर त्यांचा हात चालत नसे. त्यांना स्वतःविषयी काय वाटावे हे गावाने आधीच ठरवून टाकले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहुरी तालुक्यातल्या केंदळ, वळण या गावांपासून येशूसंघीय फादरांचे काम सुरू झाले आणि हळूहळू इकडे पसरले. गावोगाव मास्तर राहू लागले. झाडाखाली, झोपडीत ते मुलांना अक्षरे शिकवत आणि प्रार्थनाही शिकवत. ज्या पोराला गावात ‘ए’ म्हणून बोलावत, त्याचे पूर्ण नाव चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत शाईने लिहिले गेले. आज ती जुनी पाने पिवळी पडली असतील, पण त्यांवर काय घडले आहे हे आपण विसरता कामा नये.

आपल्यापैकी अनेकांनी एक टोमणा कधी ना कधी ऐकलेला असतो : ‘तुमचे आजे-पणजे पोटासाठी बाटले.’ कॉलेजात, कचेरीत, कधी हसत हसत हे म्हटले जाते आणि आपण ओशाळतो. काहीजण मग आपले ख्रिस्ती असणे सांगायचेच टाळतात. या टोमण्याला उत्तर द्यायचे तर पुन्हा लूकचा पंधरावा अध्याय उघडावा. धाकटा मुलगा घरी आला तो भुकेनेच. बापाने त्याला विचारले नाही की तू माझ्यासाठी आलास की भाकरीसाठी. त्या काळात दुष्काळ होते, सावकार होता, मुलांना शाळा हवी होती, कुणाला माणसासारखी वागणूक हवी होती. पोटाची भूक आणि मानाची भूक गरीब माणसाच्या जिवात वेगळ्या खणांत राहत नाहीत. आणि ख्रिस्ती झाल्यावर सगळे संकट टळले असेही नाही. मदत आटली, दुष्काळ पुन्हा आला, तरी पिढ्यान्‌पिढ्या ही घराणी क्रुसाजवळ राहिली. बापाच्या घरी भुकेने येण्यात लाज कसली?

इथे एक दुखरी गोष्टही बोलायला हवी. झगा आणि अंगठी मिळालेल्या मुलाला घरातल्याच लोकांनी पुन्हा मजुराच्या ओळीत बसवले, असेही झाले आहे. भारताच्या कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातिभेद पाळला जातो हे मान्य केले. लग्न जमवताना, समितीवर माणसे घेताना, स्मशानभूमीच्या जागेवरून, कुठे कुठे हा थोरला भाऊ अजून दाराबाहेर उभा आहे. गलतीकरांना लिहिताना संत पौल सांगतो की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्त पांघरला आहे, म्हणून यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही. एकाने वस्त्र पांघरायचे आणि दुसऱ्याचे ओढायचे, हे या वचनात बसत नाही.

कागदावरचा प्रश्नही सुटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. न्याय सनदशीर मार्गाने जरूर मागावा. तो मागणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. मात्र आपली किंमत त्या दाखल्यावर थांबलेली नाही, हे मुलांना सांगायला विसरू नये. हक्क मागणारा माणूस ताठ उभा राहतो, कारण मोल आपल्याजवळ आधीच आहे हे तो जाणतो.

६. ‘मी पात्र नाही’ याचा अर्थ

कुणी विचारेल : असे असेल तर मिस्साबलीत ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी आपण स्वतःला अपात्र का म्हणतो?

ते शब्द कफर्णहूमच्या शताधिपतीच्या उद्गारांवरून घेतले आहेत (मत्तय ८:५-१३). तो रोमी अधिकारी होता. ‘मी कवडीमोल आहे’ असे त्याला म्हणायचे नव्हते. तू घरी यावेस एवढी माझी कमाई नाही, पण तुझा एक शब्द पुरेसा आहे, असे त्याचे म्हणणे होते. येशूने त्याच्या श्रद्धेचे कौतुक केले. आपणही तसे म्हणतो आणि लगेच उठून पुढे जातो, हात पुढे करतो. स्वतःला खरोखर टाकाऊ समजणारा माणूस बाकावरून उठणारच नाही.

आपल्या भाषेत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : लायक असणे आणि भांडे. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो की देवाचे धन आपण मातीच्या भांड्यांत वागवतो (४:७). कुंभाराच्या मडक्याला कुणी सोन्याचा भाव देत नाही. पण त्यात काय ठेवले आहे यावरून त्याचे जपणे ठरते. नम्रता म्हणजे आपण मातीचे आहोत हे ओळखणे. न्यूनगंड म्हणजे आत काही ठेवलेलेच नाही असे समजणे. पहिली देवाजवळ नेते, दुसरा देवापासून लपवतो.

७. पाणी अडवावे, तसे हे प्रेम जिरवावे

‘हे सगळे ऐकायला बरे वाटते, पण सोमवारी सकाळी टिकत नाही,’ असे कुणी म्हटले तर ते खरेच आहे. त्याचे उत्तर आपल्याच तालुक्यातल्या डोंगरउतारांवर लिहिलेले आहे.

स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपल्या जिल्ह्यातले दुष्काळ जवळून पाहिले. पाऊस कमी पडतो हे एक कारण. पडलेला पाऊस उघड्या माळावरून धावत निघून जातो हे दुसरे. पाणलोट विकासाच्या कामासाठी १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. आपल्या तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात त्या पद्धतीने काम झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, झाडे. मोकाट चराईला बंदी, झाडतोडीला बंदी आणि गावकऱ्यांचे श्रमदान. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाच्या विहिरींना पाणी टिकू लागले. फादर बाखर २०२१ मध्ये देवाघरी गेले. लोकांना फुकट देण्यापेक्षा त्यांच्या हातांना किंमत देणारी ही पद्धत होती.

देवाचे प्रेमही पावसासारखे सर्वांवर पडते. पण मन उघड्या माळासारखे असेल तर रविवारचा पाऊस सोमवारपर्यंत वाहून जातो. त्याला अडवणारे लहान लहान चर खणावे लागतात. एकच मोठा बांध पुरत नाही. आम्ही चार सुचवतो.

पहिला चर : सकाळी उठताच, मोबाइल हातात घेण्याआधी, कपाळावर क्रुसाची खूण करून स्वतःचे बाप्तिस्म्याचे नाव घ्यावे आणि क्षणभर थांबावे. दिवसाचा पहिला आकडा वाचण्याआधी आपण कुणाचे आहोत ते आठवावे.

दुसरा : रात्री दिवसाचा आढावा घेताना चुकांआधी देणग्या मोजाव्यात. संत इग्नाशियसने शिकवलेल्या आत्मपरीक्षणाची सुरुवातही आभारानेच होते.

तिसरा : समेट-संस्कार. आपले सर्वांत वाईट सांगूनही जिथून हाकलले जात नाही, अशी जागा प्रत्येकाला लागते.

चौथा : आठवड्यातून एकदा तरी अशा माणसाशी त्याच्या नावाने बोलावे, ज्याला सगळे कामाने ओळखतात. ऊसतोडणीच्या टोळीतली बाई, चर्चचे आवार झाडणारा, दूध घालणारा मुलगा. दुसऱ्याला किंमत दिल्याने आपली घटत नाही, हे असे केल्यावरच कळते.

८. एक काळजीची सूचना

काही वेळा मनाचा अंधार असा दाटतो की प्रार्थनेलाही शब्द सुचत नाहीत, झोप लागत नाही, जगणेच नकोसे वाटते. ते अश्रद्धेचे लक्षण समजू नये. एलिया संदेष्ट्यानेही झुडपाखाली बसून मरण मागितले होते. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर दिली, पाणी दिले (१ राजे १९). आपल्या घरात असे कुणी असेल तर ‘प्रार्थना कमी पडते’ असे म्हणू नये. जवळ बसावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. निकालाच्या दिवसांत आणि पीक बुडालेल्या वर्षी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

विचार करण्यासाठी

१. माझी किंमत मी सध्या कोणत्या काट्यावर मोजतो/मोजते? टक्के, पगार, जमीन, रूप, जात, की मुलांचे यश?
२. मी या दाखल्यातला धाकटा मुलगा आहे की थोरला? बाप माझ्यासाठी कोणत्या दारातून बाहेर येत आहे?
३. आमच्या घरात मुलांना प्रेम आधी मिळते की यशानंतर?
४. आपल्या धर्मग्रामात कोण शेवटच्या बाकावर बसून लवकर निघून जाते? त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?
५. आपल्या पूर्वजांनी श्रद्धा कशी स्वीकारली, याची गोष्ट आपण मुलांना सांगितली आहे का?

या आठवड्याचा संकल्प : घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून एका कागदावर लिहावी आणि तो कागद वेदीजवळ किंवा पवित्र मरिया माउलीच्या तसबिरीखाली लावावा. तारीख सापडत नसेल तर फादरांकडे चौकशी करावी.

प्रार्थना

हे परमेश्वर पित्या, आम्ही काहीही कमावण्याआधी तू आम्हांला आपले म्हटलेस. आम्ही स्वतःला कमी लेखतो तेव्हा आम्हांला उठव. आम्ही दुसऱ्याला कमी लेखतो तेव्हा आम्हांला अंगणातून आत बोलाव. दुष्काळात, कर्जात, आजारात आणि अपयशात आमच्या पायांखालची जमीन तूच हो. आमच्या मुलांना त्यांच्या टक्क्यांआधी त्यांच्या नावाने हाक मारायला आम्हांला शिकव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.